कवायतीचे जोडे

यंदा हलका धान कापून झाला, भारी धानाला विळा लागला आणि त्याच आठवड्यात माझी डावी टाच पुन्हा बोलू लागली. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज थोडं चालायचं. पण या सपाट चपला घालून नाही. चालण्याचे नीट बूट घ्या." म्हणून पुतण्याची सून मला गोंदियाच्या बाजारातल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. छतापर्यंत बूटच बूट. लाल, निळे, पोपटी. विक्रेत्यानं मला खुर्ची दिली आणि अदबीनं विचारलं, "दादीजी, वॉकिंग के लिए चाहिए, रनिंग के लिए, कि जिम के लिए?"

सूनबाई हसली. मलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, "आधी पाणी द्या थोडं."

रस्त्यावरून धानाची पोती लादलेला एक ट्रॅक्टर गेला. त्याच्या मागे नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास दुकानात शिरला, रबराच्या वासात मिसळला. ते दोन वास एकत्र मी आयुष्यात एकाच हंगामात घेतले होते. त्या हंगामात हाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला होता, आणि उत्तर द्यायला दुकानात एवढ्या रांगा नव्हत्या.

विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीचा तो हिवाळा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातली तहसील. मी मूळची साकोलीची, एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी. अमरावतीला जाऊन व्यायामाचं शिक्षण घेतलं होतं, आणि अर्जुनीच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवायला लागले होते. गावात खेळ शिकवणारी बाई याआधी कुणी पाहिली नव्हती. लोक मला पाहायला कुंपणाशी उभे राहत, आणि मी नुसतीच शिट्टी वाजवते हे कळल्यावर निराश होऊन जात.

मी स्वतः पळत नसे. पळू शकत नव्हते. अमरावतीला आम्हा मुलींच्या मापाचे बूट मिळत नसत, म्हणून मुलांचे घेऊन पुढे कापूस कोंबायचा. जाड, सपाट, लाकडासारखे टणक. ते घालून आम्ही पळायचो, त्यातच उड्या मारायच्या, त्यातच लेझीम. शिक्षण संपलं तेव्हा प्रमाणपत्र हातात होतं आणि टाच कायमची गेली होती. बाविसाव्या वर्षी सकाळी उठल्यावर मी भिंत धरून मोरीपर्यंत जात असे. कुणाला सांगायची सोय नव्हती. खेळ शिकवणारी बाई लंगडते हे कळलं असतं तर नोकरी राहिली नसती.

दिवाळीनंतर शाळा रिकामी पडली. कापणीला हात कमी पडत, मुली शेतावर जात. गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरायची, तिथे नाच-तमाशे व्हायचे, पाहुणे यायचे. वर्गात पाच-सहा डोकी. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळेच मोठ्या बाई म्हणत असू, मला म्हणाल्या, "घरोघर जाऊन या. किती मुली जिवंत आहेत ते तरी कळू दे."

त्या फेरीत मी परबताला पहिल्यांदा पळताना पाहिलं. एक वासरू लाखोरीच्या कोवळ्या पिकात शिरत होतं आणि ही आठवीतली मुलगी धुऱ्यावरून त्याच्या मागे निघाली होती. धानाच्या दोन बांध्यांमधला, म्हणजे खाचरांमधला, धुरा ही वीतभर रुंदीची मातीची पट्टी. दव पडून ती निसरडी झालेली. मी तिथून चालत आले तेव्हा दोनदा घसरले होते. परबताची पावलं त्यावर पडत होती आणि उचलली जात होती, मध्ये काही घडतच नव्हतं. वासराला कान धरून परत आणलं आणि मला पाहून ती थबकली. मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघितलं. पुढचा पंजा सुपासारखा रुंद, बोटं एकमेकींपासून फाकलेली, अंगठा बाहेर वळलेला. लहानपणापासून धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं राहिलेला पाय.

"शाळेत काऊन येत नाहीस?" मी विचारलं. या भागात राहून माझ्याही तोंडात काऊन बसलं होतं.

"धान कापून राहिलो न बाई," ती म्हणाली. "झाला का येतो."

त्याच सुमाराला मोठ्या बाईंनी मला बोलावलं. भंडाऱ्याला जिल्ह्याच्या शाळांचे सामने होते आणि यंदा मुलींचेही होणार होते. संचलन, पळणं, खो-खो. संचलनाला पांढरे बूट सक्तीचे. शाळेच्या कमिटीनं बरीच खळखळ करून प्रत्येक मुलीला एक जोड मंजूर केला होता.

"एकच?" मी म्हटलं. "बाई, कवायतीचा बूट वेगळा, पळायचा वेगळा. खो-खोला तर आणखी—"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्या बालविधवा, चाळिशीच्या पुढच्या, आणि ती शाळा त्यांनी एकटीनं उभी केलेली. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "वेगळा म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. कवायतीत पाय आपटायचा असतो, तिथे जाड तळवा लागतो, नाहीतर टाचेला हादरा बसतो. पळताना पाय बोटांवर वाकतो, म्हणून बूटही तिथेच वाकला पाहिजे आणि हलका असला पाहिजे. खो-खोत एका दमात वळायचं असतं, तिथे तळवा पातळ आणि जमिनीला धरणारा हवा, नाहीतर अनवाणीच बरं. लांब चालायचं तर टाच उचलून धरणारा आणि बोटांना ऐसपैस जागा देणारा. अमरावतीला हे सगळं आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं, आणि पायात मात्र एकच जोड दिला होता.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, या मुलींच्या आयांनी जन्मात बूट घातलेला नाही. मी कमिटीपुढे एका जोडासाठी किती बोलले ते माझं मला माहीत. त्या एकात काय ते बसवा."

त्यांच्या आवाजात थकवा होता. तेव्हा मला राग आला होता. आज मोठ्या बाईंच्या त्या वेळच्या वयाच्या दुप्पट वय झाल्यावर तो आवाज मला माझाच वाटतो.

मी जुन्या वर्तमानपत्रांवर प्रत्येक मुलीचा पाय ठेवून पेन्सिलीनं आखून घेतला. मुलींना गुदगुल्या होत, त्या खिदळत. परबताच्या पायाला पानाची रुंदी पुरली नाही की काय असं वाटावं, इतकी तिची बोटं पसरली होती. ती गुंडाळी घेऊन मी छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदियाला गेले. त्या गाडीच्या अरुंद डब्यात गुडघ्याला गुडघा लागे, खिडकीतून कोळशाचे कण येत. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, मध्येमध्ये भाऱ्यांची रचलेली पुंजणी, आणि तलावांचं पाणी थंडीनं राखाडी झालेलं.

बुटांच्या दुकानदारानं माझे कागद गादीवर पसरले आणि हसला. "बहनजी, ये लड़कियों के पाँव हैं? पूरे फैले हुए हैं."

"खेत में काम करती हैं," मी म्हटलं.

त्याच्याकडे दोन तऱ्हा होत्या. एक पातळ तळव्याचा, हलका, हातात घेतला तर भुर्रकन उडेल असा. पळण्यासाठी तोच. पण तो अरुंद होता, शहरातल्या पायांसाठी बनवलेला. मी माझे आखलेले कागद एकेक करून त्यावर धरले. प्रत्येक पाय दोन्ही बाजूंनी बाहेर सांडत होता. लांबीला बसणारा घेतला तर बोटं चेपणार, रुंदीला बसणारा घेतला तर टाच निसटणार. दुसरा जोड कवायतीचा. जाड रबराचा, आत पुठ्ठ्याचा थर, वजनदार, पण पुढे रुंद.

मी खूप वेळ तिथे बसून होते. दुकानदारानं चहा मागवला. शेवटी मी जाड जोड घेतले. आजही त्या दुकानात, त्याच कागदांसह कुणी मला नेऊन बसवलं तर मी तेच घेईन. चेपलेल्या बोटांनी कुणी कुठे पोचत नाही. पण परतीच्या गाडीत ते ओझं मांडीवर घेऊन बसले तेव्हा मला माहीत होतं की यांत पळता येणार नाही. म्हणून मी मनात ठरवलं: संचलनापुरते हे बूट. पळायचं अनवाणी, खेळायचं अनवाणी.

बूट आले तशी दुसरी अडचण आली. परबताचे वडील डोमाजी यांनी मुलीला भंडाऱ्याला पाठवणार नाही असं सांगितलं. मी त्यांच्या खळ्यावर गेले. चुरणं, म्हणजे धानाची मळणी, चालू होतं. शेणानं सारवलेल्या खळ्यात बैल गोल फिरत होते, धान पायाखाली सुटत होता, हवेत भूस. डोमाजी उंच, वाळलेला माणूस. बोलताना बैलांवरची नजर काढत नसे.

"बाई, पोट्टीले बूट कायले?"

"भंडाऱ्याला बुटाशिवाय संचलनात घेत नाहीत."

"पळते न ते तशीच. कोनी थांबवलं तिले?"

"तिचं पळणं जिल्ह्यानं पाहिलं पाहिजे, डोमाजी."

"पाह्यलं त काय होईल?" त्यांनी बैलाला हाक दिली. मग माझ्याकडे वळले, आणि बोलले ते रागानं नाही, अगदी समजावून. "बूट घातल्यानं पाय नरम होते, बाई. तुमचे आहेत तसे. मंग आसाढात रोवन्याले कोन जाईल? दिवस दिवस चिखलात उभं राहा लागते. फागुनात तिचं लगन करून राहिलो आमी. नरम पायाची सून कोन करन?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या पायांवर त्या मुलीचं घर उभं राहणार होतं. व्यायामाच्या कुठल्याही पुस्तकात मी हे वाचलं नव्हतं की पाय मुद्दाम टणक ठेवावा लागतो, आणि तो नरम झाला तर बाईची किंमत कमी होते.

परबताची आई सुपानं धान उफणत होती. ती सूप न थांबवता बोलली. "माह्या पायाले दरसाल चिखल्या होते. बोटायच्या मंधात मास निंघते. तिच्या पायाले दोन महिने बूट भेटून राहिला त भेटू द्या. नरम होऊन होऊन किती होईल?"

डोमाजींनी बैल पुढे हाकले. बैलांनी आणखी एक फेरा घेतला. "गावातून बूट घालून जाऊन राहिली असं मले दिसू नये," ते म्हणाले. "आन भंडाऱ्याले मी संगं येईन."

मग सकाळचा सराव सुरू झाला. मुली बूट कापडी पिशवीत घालून, पिशवी पदराखाली लपवून मैदानापर्यंत अनवाणी येत आणि तिथे झाडाआड बसून घालत. परत जाताना पुन्हा पिशवीत. जणू काही चोरून आणलेलं. शाळेचं मैदान म्हणजे टणक मुरूम, तिथे कवायत. पलीकडे कापलेल्या बांध्या. तिथे धसकटं इतकी धारदार की बूट हवेच. पळण्यासाठी मी तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, मऊ वाट निवडली. रोज पहाटे धुकं तलावावरून उठायचं. शिट्टी ओठांना थंडगार लागायची. मुली तोंडातून वाफा काढत पळायच्या आणि मी पाळीवर बसून टाच चोळत त्यांच्या पायांचा आवाज ऐकायचे. अनवाणी पावलांचा आवाज मऊ, बुटांचा थप थप. डोळे मिटूनही मला कळायचं कोण कशात पळतंय.

एकदा मी परबताला मुद्दाम बूट घालून पळायला लावलं. ती अर्ध्या वाटेवरून चालत परत आली.

"काय झालं?"

"बाई, हे जोडे मले धरून ठेवून राहिले," ती म्हणाली.

इतकं नेमकं वाक्य मला फळ्यावर कुणी शिकवलं नव्हतं. पुढे माझ्या हाताखालून कितीतरी मुली गेल्या; प्रत्येकीला नवा बूट घालायला दिला की मी हेच विचारत आले, धरतो का ग? चालताना बुटानं पाय धरला तर आधार होतो. पळताना धरला तर ती बेडी.

यंदा गोंदियाच्या त्या मोठ्या दुकानातला विक्रेता मला जेल, फोम, आर्च असं काय काय सांगत होता. चांगला मुलगा. त्यानं माझा पाय एका काचेवर ठेवला आणि पडद्यावर माझ्या तळव्याचं लाल-हिरवं चित्र उमटलं. टाचेच्या जागी गडद लाल. "दादीजी, यहाँ बहुत प्रेशर है. पुराना लगता है." मी हो म्हटलं. आता यंत्र दाखवतं. पण दाखवून काय, वय तर निघून गेलं.

भंडाऱ्याला आम्ही सामन्यांच्या आदल्या दिवशी पोचलो. आधी छोटी गाडी, मग मोठी गाडी, मग टांगे. डोमाजी धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, खांद्यावर कांबळं आणि काखेत चिवड्याची पुरचुंडी घेऊन मुलींच्या मागे मागे, मेंढरं राखावीत तसे. सकाळी संचलन झालं. आमच्या मुलींचे बूट इतके पांढरे आणि पाय इतके एकसारखे पडले की कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जाड तळव्यांचं त्या दिवशी सार्थक झालं.

आणि मग मी पळण्याची जागा पाहिली.

मैदानाभोवती नवी वाट केली होती. रेल्वेच्या इंजिनातली जळकी राख आणून अंथरली होती, वरून पाणी मारून दाबली होती. दुरून काळी, गुळगुळीत. जवळ जाऊन मी मूठभर उचलली. राखेत कोळशाचे जळून काच झालेले खडे होते. हाताला लागलं तिथे बारीक रक्त आलं.

परबता आपल्या जागी अनवाणी उभी होती. तिनं पाऊल ठेवून पाहिलं, पुन्हा उचललं.

"गडते बाई," ती म्हणाली. "पन पळतो मी. होते."

मला माहीत होतं, ती पळेल. त्या खड्यांवरूनही पळेल आणि पहिली येईल. आणि परवापासून त्याच पायांनी खळ्यात उभी राहील, शेणात, भुशात, बैलांच्या मुतात. त्या वर्षी शेजारच्या गावात पायाच्या जखमेतून धनुर्वात होऊन एक बाई गेली होती. शिट्टी वाजायची वेळ होत आली होती. बाकीच्या मुली आपापल्या रेघेवर येत होत्या.

"बूट घाल," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, मंग मी मागं राहीन."

"राहा."

"बाई—"

"परबता, बूट घाल."

तिनं वडिलांकडे पाहिलं. दोरीपलीकडे डोमाजी हाताची घडी घालून उभे होते. ज्या माणसानं बुटाला विरोध केला त्यालाच ती आता विचारत होती, बूट नको म्हणा म्हणून. डोमाजींनी खाली वाकून ती राख बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "बाई सांगते तसं कर."

ती पळाली. सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे. मग वळणावर मला तो आवाज ऐकू येऊ लागला, थप थप, थप थप, सगळ्या पावलांमध्ये वेगळा, जड. तिचे गुडघे पूर्वीसारखे उचलले जात होते, दम तसाच होता, मान तशीच ताठ. फक्त खाली काहीतरी तिला प्रत्येक पावलाला मागे ओढत होतं. एक मुलगी पुढे गेली, मग दुसरी, मग शेवटच्या टप्प्यात तिसरी. परबता चौथी आली. तिसरीपर्यंत बक्षिसं होती.

पहिली आलेली मुलगी गोंदियाची. ती गवतावर बसून बूट काढत होती. परबता तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि बोटानं बुटाकडे दाखवलं. ती मुलगी हसली, "देख ले. मेरे भैया नागपुर से लाए."

परबतानं तो बूट दोन्ही हातांत घेतला. पुढून आणि मागून दाबला. तो मधोमध, पंज्यापाशी, पोळीसारखा दुमडला आणि सोडल्यावर पुन्हा सरळ झाला. तिनं दोनदा तसं केलं. मग परत देऊन माझ्याकडे आली, बसली, स्वतःचा बूट काढला आणि तो वाकवून पाहिला. दातओठ खाऊन जोर लावला. पुठ्ठा करकरला, वाकला नाही.

"बाई, त्याहिचे जोडे वाकते," ती म्हणाली. "आपले नाई वाकत."

तक्रार नव्हती. तिला एक गोष्ट समजली होती आणि ती मला सांगत होती. तिचं तोंड घामानं आणि राखेनं माखलेलं, आणि डाव्या अंगठ्याचं नख बुटात आपटून काळं पडू लागलेलं. मला रडू यायला हवं होतं. फक्त खाली बसावंसं वाटलं. मंजुऱ्या, परवानग्या, गाड्या, पिशव्या, पदराखाली लपवलेले बूट, सगळं एकदम अंगावर आलं. मी गवतावर बसले आणि काही वेळ उठलेच नाही.

दुपारी खो-खो. ते मैदान साध्या मातीचं होतं, पाणी मारलेलं. मी मुलींना म्हटलं, बूट काढा. समोरच्या मुली बूट घालून होत्या. खांबापाशी वळताना त्यांचे पाय सरकत. आमच्या मुलींची बोटं मातीत रुतत आणि त्या जागच्या जागी फिरत. परबता आत शिरली आणि तिला कुणी शिवू शकलं नाही. धुऱ्यावरची तीच पावलं. ती हसत होती, खेळताना मोठ्यानं हसत होती, आणि दोरीपलीकडून डोमाजी ओरडत होते, "पाह्य बाप्पा! पाह्य पोट्टी!" त्यांचं पागोटं सुटून खांद्यावर आलं होतं.

तो सामना आम्ही जिंकलो. पुढचा हरलो. तोवर मुलींच्या पायांत काही उरलं नव्हतं.

परतीच्या छोट्या गाडीत संध्याकाळ होत होती. मुली एकमेकींवर कलंडून झोपल्या. परबता जागी होती. डोमाजींनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि काळ्या नखाभोवती अंगठ्यानं हळूहळू दाबत राहिले, थेट अर्जुनी येईपर्यंत.

फाल्गुनात तिचं लग्न झालं, ठरलं होतं तसंच. नवेगाव बांधाकडचं सासर, चांगली माणसं. मी लग्नाला गेले. हळद लावलेल्या तिच्या पायांत जोडवी आली होती. नख अजून काळंच होतं, मुळाशी नवं नख चंद्रकोरीसारखं वर येत होतं. वाकून नमस्कार करताना ती पुटपुटली, "बाई, सासरी धुरे रुंद आहेत." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर मी फार थकले. परीक्षा आल्या, मला हिवताप झाला, उठले तर केस गळू लागले. साकोलीहून बाबा येऊन म्हणाले होते, झालं तेवढं पुरे, घरी ये. मलाही पटलं होतं. सकाळी अंगात उठायचं बळ नसे आणि कुठल्या मुलीसाठी उठायचं ते कळत नसे. एका दुपारी ठरवूनच शाळेत गेले. परीक्षा संपल्या की मी येणार नाही, असं मोठ्या बाईंना सांगायचं. ऊन तापायला लागलं होतं. मोहाचा वास दरवळत होता. मी त्यांच्या खोलीपाशी पोचले तोच मागून हाक आली.

डोमाजी होते. हातात परबताचे कवायतीचे जोडे, धुऊन, खडूनं पांढरे करून.

"शाळेचा माल आहे," ते म्हणाले. "परत कराले आलो."

मी जोडे घेतले. डोमाजी जाईनात. पागोट्याचं टोक चाचपत उभे राहिले.

"बाई, तिची धाकटी आहे. गिरजा. औंदा तुमच्या शाळेत येईल. पळते ते बी. परबतापेक्षा बी जोरानं पळते, मी पाहून राहिलो न." ते थांबले. "हे तिले होतीन का? समोर कापूस घालून?"

मी तो बूट हातात धरला. धुतल्यानं मऊ झाला असेल म्हणून पंज्यापाशी दाबून पाहिला. तसाच होता.

"हे नको, डोमाजी," मी म्हटलं. "हे कवायतीचे. तिला पळायचे वेगळे लागतील. वाकणारे. आणि रुंद."

"कोटी भेटते तसे?"

"गोंदियात नाही मिळाले. शोधावे लागतील. नागपूरला, नाहीतर कुणाकडून बनवून घ्यावे लागतील. कमिटीला पुन्हा सांगावं लागेल."

"मोठ्या बाईपाशी मी येतो संगं. मी सांगतो कमिटीले." मग त्यांनी विचारलं, "पोट्टीले मापाले कई आनू?"

मोठ्या बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या आत बसल्या होत्या, आमच्याकडे बघत. मला काय सांगायचं होतं ते ओठांवर होतं.

"उद्या सकाळी आणा," मी म्हटलं. "ऊन व्हायच्या आत."